जन्मभर आजार सोसलेल्या हसऱ्या नातलगाची स्मरणपुस्तिका कशी करावी

दिवसकार्य आटोपले की घरात आवराआवर सुरू होते आणि तीत सर्वांत आधी बाहेर पडते ती औषधांची पिशवी आणि दवाखान्याची फाईल. ज्या कागदांनी माणसाला वर्षानुवर्षे दवाखान्याच्या बाकावर बसवले ते डोळ्यांसमोर नकोसे व्हावेत, हे समजण्यासारखे आहे. परंतु लहानपणापासून आजारी असलेल्या आणि तरीही घरादाराला हसवत राहिलेल्या माणसाची आठवण लिहून ठेवायची असेल, तर ती फाईल कोणालाही टाकू देऊ नये, ही माझी पहिली सूचना आहे. आमची आत्या २०२२ साली गेली. तिच्या वर्षश्राद्धापर्यंत आम्ही भावंडांनी मिळून ६४ पानांची एक पुस्तिका तयार केली. त्या कामात जे जमले आणि जे चुकले त्याच्या आधारे हे लिहितो आहे.

आत्याचा जन्म १९५६ सालचा. १९६६ च्या पावसाळ्यात तिचा घसा धरला, पुढे ताप आला आणि एकेक सांधा सुजून दुखू लागला. डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात तो हा ताप. घशातल्या एका जातीच्या जंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणा चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे काही आठवड्यांत बरे होतात, झडपा मात्र कायमच्या आकसू शकतात. हा रोग सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो, असे वैद्यकात म्हटले जाते ते यामुळेच. आत्याला १९७८ साली एक आणि १९९७ साली दुसरी अशा दोन शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, आणि दुसऱ्या वेळी आकसलेल्या झडपेच्या जागी धातूची झडप बसली. आपल्या घरचा आजार वेगळा असेल, थॅलेसेमिया असेल, हिमोफिलिया असेल, सिकलसेल असेल किंवा लहानपणी झालेला पोलिओ असेल, तरी पुढच्या बहुतेक गोष्टी थोड्याफार फरकाने लागू पडतात.

आधी जे नाहीसे होणार आहे ते वाचवावे

लिहायला घाई नसावी, मात्र जमवाजमव लगेच करावी. सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे मोबाईल. प्रीपेड सिम काही महिने वापरले नाही तर कंपनी ते बंद करते आणि तोच क्रमांक पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. व्हॉट्सॲपचे खातेही साधारणपणे १२० दिवस वापर झाला नाही तर काढून टाकले जाते. त्यामुळे फोन चालू ठेवावा, रिचार्ज करावा आणि पहिल्या महिन्यातच त्यातले फोटो आणि आवाजी निरोप दुसरीकडे उतरवून घ्यावेत. आमच्याकडे आत्याचे ४० एक आवाजी निरोप होते. त्यांतले बहुतेक भाजी कोणती आणायची यासंबंधीचे होते आणि तेच आज सगळ्यांना हवे असतात. प्रत्येक निरोपाला तारीख आणि दोन शब्दांचे नाव द्यावे. नाव न देता ठेवलेली फाईल दोन वर्षांनी कोणी उघडत नाही.

दुसरी नाजूक वस्तू ई.सी.जी.ची पट्टी. ती बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर काढलेली असते आणि उजेड, ऊब, तेलकट हात किंवा प्लॅस्टिकचे पाकीट यांमुळे तिच्यावरील रेषा पुसट होत जाते. सोनोग्राफी आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, यांच्या छोट्या चित्रांचेही तसेच. अशा कागदांचे आधी फोटो काढावेत किंवा झेरॉक्स करून घ्यावी. लॅमिनेशन मात्र चुकूनही करू नये, कारण त्या उष्णतेने सगळा कागद काळा पडतो. हे आम्हाला एक पट्टी गमावल्यावर कळले. एक्स-रेच्या जुन्या फिल्ममध्ये चांदीचा अंश असल्यामुळे भंगारवाले त्या आनंदाने घेतात, तेव्हा रद्दीच्या गठ्ठ्यावर लक्ष असू द्यावे.

रुग्णालयातून पुन्हा कागद मिळतील, या भरवशावर राहू नये. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णांचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षे जपायचे असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायचे असतात. म्हणजे ४० वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेचा कागद जगात कोठे असलाच तर तो आपल्या घरातल्या फायलीतच असण्याचा संभव आहे. औषधांपैकी रिकामे पाकीट किंवा एखादी चिठ्ठी आठवण म्हणून ठेवावी, गोळ्या ठेवू नयेत; विशेषतः रक्त पातळ करण्याच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागल्या तर अनर्थ होईल.

हसू फायलीत शोधावे, दुखणे अल्बमात

आम्ही सुरुवातीला जी चूक केली ती बहुतेक घरांत होत असावी. आम्ही दोन ढीग केले. एका ढिगात फाईल, म्हणजे आजार. दुसऱ्यात अल्बम, म्हणजे आनंद. त्यावरून जो मजकूर लिहिला तो वाचून आईने बाजूला ठेवला आणि म्हणाली, “या दोन बायका झाल्या. आमच्या वन्सं एकच होत्या.” त्यानंतर आम्ही ढीग उलटे वाचले.

फाईल वाचताना आधी तारखेप्रमाणे कागद लावावेत आणि वर्ष, ठिकाण, काय झाले आणि सोबत कोण गेले होते अशा चार रकान्यांची एक यादी करावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळले तर पुढे प्रत्येक आठवणीचे साल चुकते. यादी झाली की छापील मजकूर सोडून हाताने लिहिलेले तेवढे वाचावे. पाकिटांच्या मागच्या बाजू, चिठ्ठ्यांच्या कडा, रिपोर्टच्या कोऱ्या जागा, बसची तिकिटे, सारे पाहावे.

धातूची झडप बसवलेल्या माणसाला रक्तात गुठळी होऊ नये म्हणून जन्मभर रक्त पातळ करण्याची गोळी घ्यावी लागते, आणि ती कमी-जास्त होत नाही ना हे पाहण्यासाठी आय.एन.आर. नावाची तपासणी वरचेवर करावी लागते. निरोगी माणसात हा आकडा एकच्या आसपास असतो. आत्याचा अडीच ते साडेतीन यांच्यामध्ये ठेवायचा होता. कमी झाला तर गुठळीची भीती, वाढला तर रक्तस्रावाची. तिने त्याची एक वही ठेवली होती. वही म्हणजे आकड्यांची जंत्री असणार, असे समजून आम्ही ती जवळजवळ न उघडताच बाजूला टाकली होती. उघडल्यावर दिसले की पानावर तारीख, अंदाज, आलेला आकडा आणि ‘चहा कोणाकडे’ असे चार रकाने पट्टीने आखलेले आहेत. रक्त घेणाऱ्या मुलाशी ती दर वेळी पैज लावत असे. ज्याचा अंदाज लांबचा, त्याने चहा द्यायचा. २००३ पासूनच्या या वहीत आत्या बहुतेक वेळा जिंकलेली आहे, एके ठिकाणी तिने कंसात लिहिले आहे, “काल अळूचं फदफदं खाल्लं होतं, हे त्याला सांगितलं नाही.” हिरव्या पालेभाज्यांतले के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करते आणि आकडा खाली आणते, हे तिला पक्के ठाऊक होते. डॉक्टरांनी पालेभाजी बंद करू नका, प्रमाण मात्र सारखे ठेवा, असे सांगितले होते. अळू दिसले की तिचे प्रमाण सुटे, आणि त्याचा उपयोग ती पैजेत करून घेई.

हे एक पान आम्ही पुस्तिकेत जसेच्या तसे छापले. त्यात आजार, भीती, लबाडी आणि हसू एकाच ओळीत आहे. ‘आत्या फार आनंदी स्वभावाची होती’ हे वाक्य त्यानंतर लिहावेच लागले नाही.

झडप बसवलेल्या रुग्णाला झडपेचा प्रकार, आकार आणि क्रमांक लिहिलेले एक छोटे कार्ड मिळते. तेही फायलीत पाहावे, कारण एवढ्याशा कार्डामागे कधीकधी मोठा इतिहास असतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत घडवलेली भारतीय झडप १९९० साली पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. आपल्या माणसाच्या कार्डावर ‘चित्रा’ हे नाव असेल तर ती गोष्ट दोन ओळींत अवश्य सांगावी. आत्याची झडप परदेशी होती. तिचे कार्ड शिधापत्रिकेच्या पाकिटात असे आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती ते दाखवून सांगे, “मी कोल्हापूरच्या पलीकडे फारशी गेले नाही, पण माझा व्हॉल्व्ह अमेरिकेहून आलाय.”

आता अल्बम. लहानपणापासून आजारी असलेल्या माणसाचे फोटो पाहताना चेहऱ्यावर थांबू नये. हात कोठे आहे, पाय कोठे आहेत, ते माणूस गटात कोणत्या जागी आहे आणि कोणत्या फोटोंत ते नाहीच, हे पाहावे. आत्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत पुढच्या रांगेत बसलेली आहे. तिला पुढे बसायची हौस आहे, असे आम्ही समजत होतो. १९९७ च्या आधीच्या फोटोंत तिचा एक हात नेहमी खुर्चीच्या दांडीवर घट्ट आहे. पन्हाळ्याच्या सहलीच्या आठ फोटोंत तटावर सगळे आहेत, आत्या एकातही नाही. काकांना विचारले तेव्हा कळले, की ती खाली गाडीपाशी पिशव्या राखत बसली होती आणि आम्ही उतरेपर्यंत तिने भेळवाल्याकडून सगळ्यांचे द्रोण अर्धे तयार करून घेतले होते. ते द्रोण आम्हाला आठवत होते. ती वर का आली नाही, हे मात्र तेव्हा कोणी विचारले नव्हते.

जुने फोटो चिकट पानांच्या अल्बमातून ओढून काढू नयेत. निघत नसतील तर पानासकट स्कॅन करावेत. ३०० डी.पी.आय. पुरेसे होते, फोटो फार लहान असेल तर ६०० ठेवावे. मागच्या बाजूला काही लिहिले असेल तर तेही स्कॅन करावे.

माणसांना काय विचारावे

“ती कशी होती?” असे विचारल्यास सगळीकडून एकच उत्तर येते, “फार हसरी हो, कधी तक्रार नाही.” ते खोटे नसते, पण त्याचा उपयोगही नसतो. त्याऐवजी असे विचारावे, की तिने तुम्हाला कशावरून चिडवले? ती तुमच्यावर शेवटची कधी रागावली? तिच्यासोबत दवाखान्यात गेलात तेव्हा परत येताना काय खाल्ले? तिला कोणती गोष्ट करता येत नव्हती आणि ती टाळण्यासाठी ती काय सबब सांगे? शेवटच्या प्रश्नाने आमच्याकडे अर्धी पुस्तिका भरली. जिने चढायचे नसत तेव्हा आत्या चप्पल तुटल्याचे सांगे. एकच चप्पल तिने २० वर्षे तोडली.

एकेकाशी स्वतंत्र बोलावे, कारण चारचौघांत सगळे सर्वांत मोठ्या माणसाचे ऐकून माना डोलावतात. बोलणे रेकॉर्ड करावे, मात्र आधी सांगून. आणि घरातल्या ज्या व्यक्तीने प्रत्यक्ष सेवा केली तिला शेवटी नव्हे, सर्वांत आधी विचारावे. आमच्या घरी ती व्यक्ती म्हणजे आई. पेनिसिलिनचे १२ लाख युनिटचे इंजेक्शन दर २१ दिवसांनी कमरेवर घ्यावे लागे. ते औषध इतके दाट की कधी सुईतच अडकून बसे आणि टोचल्यावर दोन दिवस कूस बदलणे नको होई. आत्या जगाला सांगे, “गणपतीला एकवीस दुर्वा, मला एकविसाव्या दिवशी एकच, पण टोकदार.” हा विनोद सर्वांना पाठ होता. त्या रात्री मिठाच्या पुरचुंडीने शेकायला कोण बसे, हे फक्त आईला माहीत होते. पहिल्या शस्त्रक्रियेने मिळालेला आराम १५ एक वर्षांनी सरला आणि आत्याला आडवे होऊन झोपता येईना, तेव्हाचे आईने एकाच वाक्यात सांगितले: “डॉक्टर दर वेळी किती उश्या लागतात ते विचारायचे, आणि वन्सं एक कमी सांगायच्या.” डॉक्टर हा प्रश्न उगाच विचारत नाहीत, हे वाचकाला सांगावे, हृदय थकले की आडवे झाल्यावर फुप्फुसांत रक्त तुंबते आणि धाप लागते, म्हणून उश्यांची संख्या हेच एक मोजमाप असते. आत्याच्या खोट्याचा अर्थ मग आपोआप कळतो.

लिहिताना

आजाराला एक पान द्यावे आणि ते पुस्तिकेच्या सुरुवातीलाच असावे. आजाराचे नाव, तो कोणत्या वयात झाला, त्यामुळे शरीरात काय बिघडले आणि रोजच्या दिवसात काय करावे लागे, एवढे सोप्या भाषेत लिहून ते घराण्याच्या किंवा गावच्या डॉक्टरांना वाचायला द्यावे. आम्ही ‘हृदयाला भोक’ असे लिहिले होते. आत्याला भोक नव्हतेच, झडप आकसली होती. घरात ५० वर्षे चुकीचे बोलले जात होते. आजार आनुवंशिक असेल तर मात्र छापण्यापूर्वी विचार करावा. थॅलेसेमिया, हिमोफिलिया किंवा सिकलसेल यांचा उल्लेख पुतण्या-भाच्यांच्या लग्नाच्या बोलण्यांत येऊ शकतो, तेव्हा त्यांची संमती घ्यावी. अर्थात, माहिती लपवावी असा याचा अर्थ नाही. रक्ताची तपासणी वेळेवर झालेली केव्हाही बरी, पण ते घरात समोरासमोर सांगावे, पुस्तिकेतून नव्हे.

‘झुंज’, ‘मात’, ‘दुर्दम्य इच्छाशक्ती’, ‘मृत्यूला हुलकावणी’ हे शब्द मी पहिल्या खर्ड्यात १४ वेळा वापरले होते. ते सगळे काढावे लागले. आत्या कोणाशी झुंजत नव्हती. ती साड्यांना फॉल-पिको करत होती, पायमशीन चालवताना दम लागतो म्हणून तिच्या भावाने मशीनला मोटार बसवून दिली होती, आणि गिऱ्हाइकाने पैसे बुडवले की ती चांगली खमकेपणाने मागून आणत होती. ज्या विशेषणाला आधार देणारा प्रसंग आपल्याकडे नाही ते खोडावे. ज्याला प्रसंग आहे तेही खोडून पाहावे. बहुधा प्रसंग एकटा पुरतो.

हसण्याबद्दल आणखी एक सावधगिरी. आजारी माणसाचे हसणे पुष्कळदा समोरच्याचे अवघडलेपण घालवण्यासाठी असते आणि त्याला कष्ट पडतात. हे मान्य न करता लिहिले तर वाचणाऱ्याला, विशेषतः घरात आज दुसरे कोणी आजारी असेल तर त्याला, आपणही असेच हसले पाहिजे असा धाक वाटतो. म्हणून ती हसली नाही असे निदान दोन प्रसंग हवेत. आमच्या पुस्तिकेत पहिला शाळेचा आहे. तापामुळे वर्ष बुडाले आणि ती धाकट्या भावाच्या वर्गात येऊन बसली. त्या वर्षी ती त्याच्याशी शाळेच्या आवारात एकदाही बोलली नाही. दुसरा लग्नाचा. स्थळे येत, हृदयाचे कळले की परत जात. त्याविषयी आम्ही एकच वाक्य लिहिले, नकार देणाऱ्या घरांची नावे गाळली आणि तिने त्या काळात लिहिलेली वही तिच्या इच्छेप्रमाणे वाचली नाही. जे तिने आयुष्यभर झाकून ठेवले ते तिच्या मागे उघडायचा अधिकार आपल्याला आहे का, याचा निर्णय प्रत्येक घराने आपापला करावा; माझे मत ‘नाही’ असे आहे.

आवाजाला जागा द्यावी. धातूची झडप मिटताना शांत खोलीत टिकटिक ऐकू येते. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुले आत्याच्या दोन्ही बाजूंना झोपत असू आणि ती सांगे की तिने घड्याळ गिळले आहे, ऐकता ऐकता शंभरपर्यंत मोजले तर झोप लागते. शंभरापर्यंत कोणी पोचल्याचे आठवत नाही. हे लिहिल्यावर आम्ही शेजारी तिच्या ई.सी.जी.ची १५ सेंटिमीटरची पट्टी छापली. हा कागद यंत्रातून सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे ती पट्टी बरोबर सहा सेकंदांची आहे. अशी पट्टी छापताना मूळ मापातच छापावी, आणि रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक झाकावा.

छपाई आणि वाटप

खर्च फार येत नाही. ए-फाईव्ह आकार, मधोमध पिना, आतला कागद जरा जाड, अक्षर १४ पॉइंटच्या खाली नाही, कारण वाचणाऱ्यांत चष्मेवाले अधिक. पिनांच्या बांधणीत पानांची संख्या चारच्या पटीत लागते, हे लिहिण्याआधीच ध्यानात ठेवावे. आधी पाच प्रती काढून घरातल्या वडीलधाऱ्यांना पेन्सिलीसह द्याव्यात आणि उरलेल्या प्रती त्यांच्या दुरुस्त्यांनंतरच छापाव्यात. वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणे झाल्यावर पुस्तिका वाटाव्या, आधी वाटल्या तर पंगत खोळंबते. भाषण ठेवू नये. एखादे पान कोणाला मोठ्याने वाचावेसे वाटले तर ते आपण होऊन वाचतात.

शेवटी चार कोरी पाने सोडावीत. आमच्या पुस्तिकेतल्या कोऱ्या पानांवर सर्वांत पहिली नोंद त्या रक्त घेणाऱ्या मुलाची झाली. तो आता पन्नाशीला आला आहे, बोलावले होते म्हणून जेवायला आला होता. त्याने पैजेचे छापलेले पान नीट पाहिले आणि खाली लिहून दिले, की चार रकान्यांपैकी तिसऱ्यातले तीन आकडे चुकीचे आहेत; आकडा कमी आला असता तर वहिनी रागावतील म्हणून बाईंनी घरी दाखवायला ते वाढवून लिहिले होते, आणि त्या तिन्ही वेळचे चहा त्यांच्याकडे अजून बाकी आहेत. दुसऱ्या आवृत्तीत आम्ही त्याची नोंद पानाखाली घातली. चहाचे पैसे आईने दिले.